कामगारवर्गाची जन्मतारीख

गेल्या काही वर्षांपासून एम.ए.च्या वर्गात 'अधांतर' शिकवताना मी एक प्रश्न विचारतो. जयंत पवारांचे हे नाटक १९८२ च्या संपानंतर उद्ध्वस्त झालेल्या एका गिरणी कामगार कुटुंबाचे. मुंबईतील चाळ, बंद पडलेली गिरणी, घरात साचत गेलेली हताशा हे सगळे राळेगावच्या मुलामुलींना दूरचे वाटू नये म्हणून मी विचारतो : तुमच्यापैकी कोणाच्या घरी कामगार आहे? बहुधा एकही हात वर होत नाही. एका वर्षी मात्र मागच्या बाकावरील एक मुलगी उठून म्हणाली, "माही माय जिनात जाते, सर. पण ते मजूर हाये, कामगार नाही."

वर्ग हसला नाही, कारण तिचे म्हणणे सर्वांनाच बरोबर वाटले होते. मलाही क्षणभर वाटले. राळेगाव हा कापसाचा तालुका. दिवाळीनंतर गाड्या भरभरून कापूस येऊ लागला की जिनिंगची यंत्रे दिवसरात्र चालतात. सरकी वेगळी, रुई वेगळी होते, गाठी बांधल्या जातात आणि त्या कुठल्याशा गिरणीकडे निघून जातात. यंत्र आहे, मालक आहे, पाळी आहे, मजुरी आहे. कारखान्याची व्याख्या करताना आणखी काय लागते? तरीही यंत्रापुढे कापूस ओढणारी बाई 'मजूर' आणि त्याच रुईचे सूत काढणारा माणूस 'कामगार', ही विभागणी त्या मुलीने स्वतः केलेली नव्हती. ती तिला वारशाने मिळाली होती. माझे म्हणणे असे की त्या वारशात इतिहासकारांचा वाटा मोठा आहे, आणि तो वाटा त्यांच्या राजकारणातून आलेला आहे.

आधी शब्दाकडे पाहू. 'कामगार' हा शब्द एकोणिसाव्या शतकातील मराठीत आजच्या अर्थाने क्वचितच भेटतो. तेव्हा कामगार म्हणजे सरकारी कारभार पाहणारा, अंमलदार. जोतीराव फुल्यांच्या १८८३ मधील 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये कामगार पुष्कळ आहेत, पण ते कचेरीत बसलेले आहेत; शेतकऱ्याला नाडणारे भट कामगार आणि ऐषआरामात गुंग असलेले गोरे कामगार. आपला विद्यार्थी हा ग्रंथ आजच्या अर्थाने वाचू लागला तर पानोपानी चकतो. राबणाऱ्यासाठी तेव्हा मजूर, मोलकरी, गडी, बिगारी असे शब्द होते. पुढे 'कामकरी' आला. आणि विसाव्या शतकात केव्हातरी 'कामगार' हा शब्द कचेरीतून उठून गिरणीत गेला. शब्दाने जागा बदलली तेव्हा त्याच्याबरोबर थोडा मानही गेला असावा. मजूर होणे ही आपत्ती, कामगार होणे ही ओळख. प्रश्न असा की ही ओळख कोणाला मिळाली आणि कोणी दिली.

भारतीय कामगारवर्ग केव्हा जन्मला या प्रश्नाची निदान पाच उत्तरे छापील पुस्तकांत मिळतात. पहिले उत्तर आपल्या जवळचे. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित झाली, म्हणून जमशेटजी टाटांनी गिरणीला ते नाव दिले. (योगायोग असा की कृष्णराव भालेकरांनी पुण्यात 'दीनबंधु' सुरू केले तेही याच दिवशी.) त्याच वर्षी मजुरीच्या दरावरून एम्प्रेसमध्ये संप झाला. ज्यांची नोंद उरली अशा गिरणीसंपांत तो सर्वांत आधीचा मानला जातो. दुसरे उत्तर १८८४ : नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला भरवलेल्या गिरणीकामगारांच्या सभा. तिसरे १९०८ : टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली म्हणून मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद राहिल्या. चौथे १९१८ : मद्रासला बी. पी. वाडिया यांनी स्थापलेली युनियन. पाचवे १९२८ : मुंबईचा सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप आणि गिरणी कामगार युनियन.

यांतली कोणतीही घटना खोटी नाही. वाद तथ्यांचा नाहीच. वाद कोणत्या तथ्याला जन्म म्हणायचे आणि कोणत्याला गर्भावस्था म्हणून बाजूला ठेवायचे याचा आहे, आणि तिथे इतिहासकार कोणत्या पक्षाचा, कोणत्या चळवळीचा, कोणत्या पिढीचा, हे निर्णायक ठरते.

लोखंड्यांचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. ठाण्यात १८४८ मध्ये जन्मलेला हा फुलमाळी तरुण रेल्वेत, टपालात आणि मग गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम करून सत्यशोधक चळवळीत आला. १८८० पासून त्यांनी 'दीनबंधु' मुंबईतून चालवला. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी गिरणीकामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन कारखाना आयोगापुढे ठेवले. मागण्या साध्या होत्या. रविवारी सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. मागील महिन्याची मजुरी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावी. जखमी झालेल्याला भरपाई मिळावी. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन कामगार स्त्रिया बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. आज सरकारी कचेरीपासून आमच्या महाविद्यालयापर्यंत सारे ज्या रविवारी घरी असतात, त्या रविवारच्या मागे ही एक सभा आहे.

आता या माणसाचे इतिहासकारांनी काय केले ते पाहा. १८९२ च्या सरकारी कारखाना अहवालात अभिप्राय आहे की लोखंड्यांच्या संघटनेला संघटित युनियन म्हणता येणार नाही, कारण तिच्याकडे सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत. साम्राज्याच्या नोकरशाहीला संघटना म्हणजे रजिस्टर वाटावे यात नवल नाही. नवल पुढे आहे. १९४० मध्ये लंडनहून प्रसिद्ध झालेल्या 'इंडिया टुडे'त रजनी पाम दत्त यांनी लोखंड्यांना कामगारांच्या हिताचे कायदे व्हावेत म्हणून झटणारे परोपकारी गृहस्थ मानले. कामगारसंघटनेचे किंवा लढ्याचे आद्य प्रवर्तक मानण्यास मात्र नकार दिला. दत्त ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाचे सिद्धान्तकार, साम्राज्याचे कडवे शत्रू. तरी या एका मुद्द्यावर त्यांचे आणि इंग्रज अधिकाऱ्याचे एकमत व्हावे, हे विचार करण्याजोगे आहे. दत्तांच्या दृष्टीने वर्ग म्हणजे लढणारा वर्ग, आणि लढणे म्हणजे शेवटी पक्षाच्या नेतृत्वाखाली लढणे. अर्ज करणारा, सुट्टी मागणारा, सभेत सत्यशोधकी भाषा बोलणारा माणूस त्या साच्यात बसत नव्हता. १९०८ बसत होते, कारण तो संप राजकीय होता, आणि खुद्द लेनिनने त्याच वर्षी त्याची दखल घेऊन हिंदी कामगारवर्ग जागा झाल्याची ग्वाही दिली होती. १९२८ तर बसणारच, कारण तिथे लाल बावटा होता.

यावरून डाव्या इतिहासकारांनी लबाडी केली असा निष्कर्ष काढणे चूक होईल. गिरणी कामगार युनियनची सभासदसंख्या १९२८ च्या अखेरीस पन्नास हजारांपुढे गेली होती. खात्याखात्यांतून कामगारांच्या समित्या उभ्या राहिल्या होत्या. पुढच्याच मार्चमध्ये मीरत खटल्यासाठी नेत्यांची धरपकड करावी इतकी सरकारने धास्ती घेतली होती. हे सारे ज्यांनी घडवले त्यांना इतिहास आपल्यापासून सुरू होतो असे वाटले तर ते मानवी आहे. प्रत्येक घराण्याला आपला मूळ पुरुष लागतो. फक्त घराण्याची बखर आणि इतिहास यांतले अंतर कोणीतरी दाखवून द्यावे लागते.

राष्ट्रवादी इतिहासकारांची अडचण निराळी होती. १८८० च्या दशकात बहुतेक राष्ट्रवादी पत्रे कारखाना कायद्याच्या विरोधात होती. मँचेस्टरच्या मालकांना मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा नको म्हणून हा कायदा लादला जातो आहे, असे ते म्हणत. आणि त्यात तथ्यही होते, लँकेशायरचा दबाव होताच. पण म्हणून तेरा-चौदा तास राबणाऱ्या पोरांना कायद्याचे संरक्षण नको हा निष्कर्ष निघत नव्हता. आगरकरांच्या प्रभावाखालील 'मराठा'ने कामगारांची बाजू घेतली, हा मोठा अपवाद. बिपन चंद्रांनी १९६६ च्या आपल्या आर्थिक राष्ट्रवादावरील ग्रंथात हा विरोध लपवलेला नाही. पण त्यांच्या मांडणीचा कल असा की वसाहतवादाविरुद्धचा प्रमुख अंतर्विरोध ध्यानी घेतला की हा दुय्यम अंतर्विरोध समजून घेता येतो. समजून घेता येतो हे खरे. पण 'दुय्यम' कोणी ठरवायचे? परळच्या सभेत सही करणाऱ्या माणसाला विचारले असते तर त्याने क्रम कसा लावला असता, हे आपण सांगू शकत नाही. लोखंडे ज्या परंपरेतून आले तिने तो उलटा लावला होता.

ही परंपरा पुन्हा वर आणण्याचे श्रेय विद्यापीठांतील इतिहास विभागांना फारसे नाही. गेल ऑम्व्हेट अमेरिकेतील विद्यार्थी चळवळीच्या काळात घडल्या, महाराष्ट्रात आल्या आणि इथल्याच झाल्या. त्यांच्या १९७६ च्या ग्रंथात ब्राह्मणेतर चळवळ आणि मुंबईचा कामगार यांचे नाते प्रथमच नीट मांडले गेले. नंतर मनोहर कदमांनी मराठीत लोखंड्यांचे चरित्र लिहिले आणि त्यांना शीर्षकातच भारतीय कामगार चळवळीचे जनक म्हटले. २००५ मध्ये लोखंड्यांवर टपाल तिकीट निघाले. या साऱ्यामागे फुले-आंबेडकरी राजकारणाची नवी उभारी होती, हे उघड आहे. ते राजकारण नसते तर 'दीनबंधु'चे अंक उघडून पाहायची गरज कोणाला वाटली असती? पण 'जनक' म्हटले की चरित्रनायकाच्या काही गोष्टी गैरसोयीच्या होतात. लोखंडे रावबहादूर होते. गिरणीमालकांशी आणि सरकारशी त्यांचे संबंध सलोख्याचे होते. संपापेक्षा अर्जावर त्यांचा भरवसा अधिक होता. १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना ते गेले, ही त्यांच्या आयुष्यातील उंची. पण तिने वरील प्रश्न मिटत नाहीत. दत्तांनी या गोष्टींवर बोट ठेवून त्यांना बाहेर काढले, चरित्रकार त्यांवरून हलक्या पावलांनी पुढे जातात. माझ्या मते दोघांनीही एकच चूक केली : वर्गाला बाप असतो असे गृहीत धरले.

विद्यापीठीय इतिहासकारांकडे वळले तर राजकारण कमी दिसते, म्हणजे कमी असते असे नाही. अमेरिकन अर्थेतिहासकार मॉरिस डेव्हिड मॉरिस यांचा मुंबईच्या गिरणीकामगारांवरील ग्रंथ १९६५ चा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन विद्यापीठांत एक प्रश्न गाजत होता : शेतीतून आलेला, जातीत अडकलेला आशियाई माणूस कारखान्याच्या शिस्तीला कधी रुळणार? मॉरिस यांनी उत्तर दिले की तो केव्हाच रुळला होता. मजुरांची टंचाई नव्हती, जातीचा अडसर फारसा नव्हता, आणि बेशिस्त होती ती मालकांनी सोयीपुरती चालू दिलेली होती. हे उत्तर त्या काळात धाडसाचे. पण प्रश्न मात्र मालकाचाच राहिला : माणूस कामाला मिळतो का आणि टिकतो का? मजुराला गिरणी कशी वाटत होती हा प्रश्न त्या ग्रंथात येऊच शकत नाही, कारण त्याची कागदपत्रे बहुतांश मालकांची आणि आयोगांची.

त्याआधी दोनच वर्षे, १९६३ मध्ये, इंग्लंडात ई. पी. थॉम्प्सन यांचा इंग्लिश कामगारवर्गाच्या घडणीवरील प्रचंड ग्रंथ आला होता. थॉम्प्सन यॉर्कशरमध्ये प्रौढांचे वर्ग घेत. १९५६ मध्ये हंगेरीच्या प्रश्नावर त्यांनी कम्युनिस्ट पक्ष सोडला होता. यंत्र आले की वर्ग आपोआप तयार होतो आणि मग पक्ष त्याला जाणीव देतो, ही मांडणी त्यांना पटेनाशी झाली होती. वर्ग ही वस्तू नाही, ती माणसांमध्ये घडत जाणारी गोष्ट आहे, आणि तिच्या घडणीत माणसांचा स्वतःचा हात असतो, हे त्यांचे म्हणणे. यात १९५६ ची जखम दिसते, आणि संध्याकाळच्या वर्गात समोर बसणारी कष्टकरी माणसेही दिसतात. राजकारणाने इतिहासकाराला आंधळे केले असे आपण सहज म्हणतो. इथे एका राजकीय भ्रमनिरासाने त्याला दृष्टी दिली. पुढे जोन स्कॉट यांनी दाखवून दिले की थॉम्प्सन यांचा 'घडणारा' वर्ग मनातल्या मनात पुरुषच आहे. तेही स्त्रीवादी राजकारण उभे राहिल्यावरच दिसले.

आपल्याकडे थॉम्प्सन यांच्याशी सर्वांत गंभीर वाद बंगालमध्ये झाला. दीपेश चक्रवर्ती यांनी १९८९ मध्ये कोलकात्याच्या ताग कामगारांवर लिहिताना विचारले की ज्या समाजात समतेची कल्पनाच रुजलेली नाही, जिथे युनियनचा नेताही 'बाबू' आणि कामगार 'कुली'च राहतो, तिथे इंग्लिश अर्थाने वर्ग घडतो असे म्हणायचे कशावरून? नक्षलबारीनंतरच्या कोलकात्यात वाढलेल्या पिढीचा हा प्रश्न आहे. क्रांती का झाली नाही, हे त्या पिढीला समजून घ्यायचे होते आणि तिने उत्तर संस्कृतीत शोधले. मुंबईवर लिहिणाऱ्या राजनारायण चंदावरकरांना (१९५३–२००६) हे पटले नाही. त्यांच्या १९९४ च्या ग्रंथात कामगाराचे गावाशी असलेले नाते हे जुन्या संस्कृतीचे अवशेष नाही. शहरात नोकरीची शाश्वती नव्हती, म्हणून गावची शेती, गावकीची खोली, वाणी, मुकादम हे सगळे त्याला धरून ठेवावे लागले. संपाच्या काळात गाव हाच त्याचा निधी होता. वर्ग गिरणीच्या फाटकाआत जितका घडला तितकाच गिरणगावच्या गल्लीत, आखाड्यात आणि उधारीच्या वहीत घडला. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि तो कधी रीतसर मागेही घेतला गेला नाही; त्याची अखेर पाहिलेल्या पिढीला चंदावरकरांचे म्हणणे ओळखीचे वाटते. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मौखिक इतिहासात कामगार हेच सांगताना दिसतात.

मला चंदावरकर या सर्वांत अधिक पटतात. पण त्यांच्याही पानांत एक जागा पातळ आहे, ती जातीची. मुंबईच्या गिरण्यांत विणाईखात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. नवी कांडी धोट्यात घालताना सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि सवर्ण कामगारांना त्यांच्या तोंडचा धोटा नको होता. मजुरी चांगली ती याच खात्यात. विदर्भाच्या वाचकाला यातला उपरोध अधिक टोचेल, कारण मध्य प्रांतात आणि वऱ्हाडात जाडेभरडे कापड विणणे हे महारांचे जुने काम होते. गिरणीच्या कापडाने ते मोडले, आणि मुंबईत गिरणीच्याच मागावर त्यांना मज्जाव झाला. १९२८ च्या संपात बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला तेव्हा युनियनच्या नेत्यांना तो अवेळी वाटला. पुढे १९३६ मध्ये त्यांनी सैद्धान्तिक पातळीवर मांडले की जातीने केवळ कामे वाटलेली नाहीत, काम करणारी माणसेच एकमेकांपासून तोडलेली आहेत. आणि ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र संपात उतरले. (पक्षाच्या नावात 'मजूर' आहे, 'कामगार' नाही, हे मला मुद्दाम नोंदवावेसे वाटते.)

जातीला अडसर न मानणाऱ्या मॉरिस यांनाही विणाईखात्याची गोष्ट माहीत होती. डाव्या नेत्यांना तर ती रोज दिसत होती. माहिती सर्वांकडे होती. तिच्यामुळे आपली मांडणी बदलावी लागते असे ज्याला वाटले, त्याच्याच लेखनात ती इतिहास झाली. इतरांकडे ती तळटीप राहिली.

आणि जिन? ती तळटीपही नाही. याचे एक कारण कायद्यात आहे. १८८१ चा पहिला कारखाना कायदा शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आणि वर्षात चार महिन्यांहून जास्त चालणाऱ्या कारखान्यांपुरता होता. जिन हंगामी; तेव्हाच्या वणी जिल्ह्यातील किंवा वर्धा नदीपलीकडच्या हिंगणघाट परिसरातील जिन या व्याख्येतून सहज निसटले. चार महिन्यांच्या आत आटोपणारे हंगामी कारखाने कायद्याखाली आले ते १९११ मध्ये. तोवर निरीक्षक नाही, अहवाल नाही, आणि म्हणून इतिहासकारासाठी कागद नाही. इतिहासकाराने कायद्याची व्याख्या नकळत आपली करून घेतली. वर्षभर एकाच फाटकातून आत जाणारा पुरुष तो कामगार. चार महिने जिनात, दोन महिने वेचणीला, उरलेले निंदणीला जाणारी बाई कोणत्याच खात्यात नाही. कापसाच्या इतिहासाबद्दल मात्र बोलायला नको. लक्ष्मण सत्या यांनी १९९७ मध्ये वऱ्हाडातील कापूस आणि दुष्काळ यांच्यावर लिहिले. स्वेन बेकर्ट यांच्या २०१४ च्या जागतिक इतिहासात वऱ्हाड आणि खामगाव मोठी जागा व्यापतात. त्यात शेतकरी आहे, सावकार आहे, रेल्वे आहे, गाठी आहेत. गाठ बांधली जाण्यापूर्वी कापूस कोणाच्या हातांतून गेला, हे त्यामानाने पुसट आहे.

ते हात कधीच बोलले नाहीत असेही नाही. नागपूरच्या गिरणीतील कामगार नेत्या राधाबाई कांबळे यांनी १९२९-३० च्या शाही मजूर आयोगापुढे साक्ष दिली होती. ही गोष्ट मला कामगार चळवळीच्या एकाही इतिहासात भेटली नाही; ती ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या १९८९ च्या पुस्तकात आहे, म्हणजे आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या शोधात. १८९० च्या सभेत बोललेल्या त्या दोघींचे राजकारण करणारे कोणी उरले नसावे. म्हणून बहुतेक पुस्तकांत 'दोन स्त्रिया' एवढाच त्यांचा परिचय.

साहित्याचे शिक्षक म्हणून आपणही यात निर्दोष नाही. कामगारांचे साहित्य म्हटले की आपण मामा वरेरकरांच्या 'धावता धोटा'पासून अण्णाभाऊ, नारायण सुर्वे, बाबूराव बागूल यांच्यामार्गे 'अधांतर'पर्यंत येतो. हा सगळा प्रवास मुंबईतल्या मुंबईत होतो. उद्धव शेळके यांची 'धग' मात्र आपण प्रादेशिक किंवा ग्रामीण कादंबरी या सदराखाली शिकवतो. वऱ्हाडातल्या एका खेड्यात कौतिक मोलमजुरी करून संसार ओढते. तिच्या कष्टांवर परीक्षेत प्रश्न येतो तो 'कौतिकची सोशिकता' असा. तिच्या कामाचा प्रश्न आपण स्वभावाचा करून टाकतो. मी स्वतः पंधराएक वर्षे तसेच शिकवले. त्या मुलीचे वाक्य ऐकेपर्यंत मला त्यात काही खटकले नव्हते.

तेव्हा इतिहासकाराने राजकारण बाजूला ठेवावे, असा सल्ला मी देणार नाही. राजकारण बाजूला ठेवून लिहिलेल्या इतिहासात जिनातली बाई येईल अशी चिन्हे मला दिसत नाहीत; उलट आजवर जे कोणी नव्याने दिसले ते कोणाच्या तरी राजकारणामुळेच. मात्र एक पारख मी विद्यार्थ्यांना सांगतो. इतिहासकाराच्या पुस्तकात त्याच्याच बाजूला अवघड जाणारी गोष्ट किती पानांवर आहे ते पाहा. चंदावरकरांकडे जात, कदमांकडे रावबहादुरी, डाव्यांकडे विणाईखाते. आणि माझ्याकडे? मी कापूस पिकवणाऱ्या घरातला आहे. कापसाला भाव नाही, शेतकरी मरतो आहे, हे बोलताना माझा आवाज चढतो. वेचणीचा दर किलोमागे किती, हा विषय निघाला की आमच्या घरात आवाज खाली येतो. माझ्या इतिहासातही ती जागा पातळच राहील, हे वाचकाने धरून चालावे.

त्या वर्षी आम्ही वर्गातर्फे एक छोटा उपक्रम केला. दहा-बारा मुलामुलींनी आपापल्या गावच्या, जिनात जाणाऱ्या बायांशी बोलून वही भरायची, असे ठरले. प्रश्नावली मी तयार करून दिली होती. पहिलाच प्रश्न, 'आपण कोणत्या सालापासून कामगार आहात?' बायांना तो कळेना, आणि मुलींना विचारायची लाज वाटली. त्यांनी परस्पर तो बदलून 'जिनात कधीपासून जाता?' असा केला. उत्तरे सालात आलीच नाहीत. मोठी पोटात होती तेव्हापासून. सासरा वारला त्या हंगामापासून. जुना मालक जिन विकून गेला त्याच्या आदल्या दिवाळीपासून. वह्या परत आल्यावर आमच्यात वाद झाला. मी म्हणत होतो की अंदाजे साल काढून कंसात लिहू, म्हणजे पुढे कोणाला उपयोग होईल. मागच्या बाकावरची ती मुलगी नको म्हणाली. आईने सांगितले तसेच राहू द्या, साल काढले तर ते तुमचे होईल. मतास टाकली तेव्हा मी हरलो. वह्या विभागाच्या कपाटात आहेत, आणि त्यांत एकही सन नाही.